रॉबर्ट ओवेन : सहजीवनाचा आद्य उपासक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आम्ही पाळीत आलो आहोत. बहुधा ते चरित्र आपल्याच प्रांतातील असते. यंदा मात्र वाचकांस आम्ही सातासमुद्रापलीकडे नेणार आहोत, आणि त्यास कारणही तसेच आहे. विद्यार्थी-वसतिगृहाचा विषय मंडळापुढे आल्यापासून एकत्र राहणे, एका पंक्तीस जेवणे, सामाईक निधी आणि प्रवेश कोणास द्यावा या गोष्टींवर आपल्या सभांतून पुष्कळ चर्चा झाली. क्वचित वादही झाला. ते ऐकत असताना आम्हांस वारंवार एका पुरुषाचे स्मरण होत असे. याच प्रश्नांचा उलगडा करण्यासाठी त्याने आपले बहुतेक द्रव्य आणि अर्धे आयुष्य वेचले होते. त्या पुरुषाचे नाव रॉबर्ट ओवेन. त्याच्या यशापासून जितके शिकता येते तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, त्याच्या अपयशापासून शिकता येते, अशी आमची नम्र समजूत आहे.

रॉबर्टचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्स प्रांतातील न्यूटाउन या लहानशा गावी झाला. वडील जिनगराचा धंदा करीत, लोखंडी सामान विकीत आणि गावचे टपालाचे कामही पाहत. आई शेतकरी कुटुंबातील होती. सात भावंडांत रॉबर्ट सहावा. लहानपणी एकदा शाळेत जाण्याच्या घाईत त्याने कढत लापशी घशाखाली लोटली. तेव्हापासून त्याचे पोट कायमचे नाजूक झाले आणि आयुष्यभर तो मिताहारी राहिला. शाळा लवकर संपली. दहाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि प्रथम लंडनला व तेथून स्टॅमफर्ड या गावी एका कापडदुकानदाराकडे उमेदवारीस राहिला. हा दुकानदार सज्जन होता आणि त्याच्या घरी पुस्तकेही होती. दिवसा कापडाचा पोत ओळखावा आणि उरल्या वेळात वाचन करावे, असा या मुलाचा क्रम असे. पुढे लंडन व मँचेस्टर येथील दुकानांत नोकरी करून त्याने व्यवहाराचे शिक्षण पुरे केले.

त्या वेळी मँचेस्टर हे शहर सुताच्या गिरण्यांनी गजबजून गेले होते. ओवेन यांनी भावाकडून १०० पौंड उसने घेतले आणि एका कारागिराच्या भागीदारीत सूतकताईची यंत्रे बनविण्याचा कारखाना काढला. भागीदारी फार दिवस टिकली नाही. परंतु विशीच्या सुमारास पाचशे कामगारांच्या एका मोठ्या गिरणीचे व्यवस्थापकपद त्यांनी मिळविले. या गिरणीत त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली. मालक लोक यंत्रांना तेलपाणी करतात, त्यांची झीज भरून काढतात. पण यंत्रांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसांची तितकीही काळजी कोणी घेत नाही. हा विचार त्यांनी पुढे कधीही सोडला नाही.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ डेव्हिड डेल नावाच्या धर्मशील व्यापाऱ्याने १७८६ साली न्यू लॅनार्क हे गिरणीगाव वसविले होते. १७९९ साली ओवेन व त्यांच्या भागीदारांनी या गिरण्या ६०,००० पौंडांस विकत घेतल्या. त्याच साली डेल यांची कन्या कॅरोलाइन हिच्याशी ओवेन यांचा विवाह झाला. १ जानेवारी १८०० रोजी त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा गावची वस्ती सुमारे दोन हजार होती. त्यांत सुमारे पाचशे मुले ग्लासगो आणि एडिंबरो येथील अनाथगृहांतून आणलेली होती. मद्यपान, चोरी, भांडणे आणि अस्वच्छता यांचा गावात सुकाळ होता. त्यातच नवा मालक परप्रांतीय. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

ओवेन यांनी कोणास शिक्षा केली नाही. मनुष्याचा स्वभाव त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने घडतो, म्हणून दोष द्यायचा तो परिस्थितीस द्यावा आणि ती पालटावी, ही त्यांची श्रद्धा होती. गावातील दुकानदार भेसळीचा माल चढ्या भावाने विकीत. ओवेन यांनी गिरणीचे स्वतःचे दुकान काढून चांगला माल मूळ किमतीहून थोड्याशाच अधिक दराने देण्यास आरंभ केला. मजुरीचा साठावा हिस्सा कापून आजारी व अपंग कामगारांसाठी निधी उभा केला. दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणे बंद केले. प्रत्येक कामगाराच्या यंत्राजवळ एक लाकडी चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंस काळा, निळा, पिवळा व पांढरा असे रंग दिलेले असत आणि आदल्या दिवशीच्या कामाच्या प्रतीप्रमाणे त्या त्या रंगाची बाजू समोर ठेवली जाई. रागावणे नाही, दंड नाही. ठोकळा मुकाट्याने सर्व सांगत असे. घरोघर जाऊन स्वच्छता तपासण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली. ती मात्र गावातील स्त्रियांस मुळीच रुचली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लोकांचा विश्वास बसला तो एका संकटाच्या वेळी. १८०७ च्या सुमारास अमेरिकेने निर्यातबंदी केली, कापूस मिळेनासा झाला आणि गिरण्या थांबल्या. अन्य मालकांनी कामगारांस वाऱ्यावर सोडले. ओवेन यांनी चार महिने गिरणी बंद ठेवून, केवळ यंत्रे स्वच्छ राखण्याच्या कामावर, सर्वांस पूर्ण वेतन दिले. त्यापायी सात हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली. परंतु त्या दिवसापासून सारे गाव त्यांचे झाले.

भागीदारांस अर्थातच हा खर्च सोसेना. दोनदा भागीदार बदलावे लागले. अखेर १८१३ सालच्या शेवटी गिरण्यांचा लिलाव झाला. तत्पूर्वी ओवेन यांनी लंडनमध्ये नवे भागीदार जोडले होते. त्यांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम आणि क्वेकर पंथातील परोपकारी गृहस्थ विल्यम ॲलन हे होते. भांडवलावर शेकडा पाच व्याज घ्यावे आणि उरलेला नफा कामगारांच्या व त्यांच्या मुलांच्या हितासाठी लावावा, अशी बोली ठरली. लिलावात १ लाख १४ हजार १०० पौंडांस गिरण्या पुन्हा ओवेन यांच्या हाती आल्या. ते गावी परतले तेव्हा लोकांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतःच्या हातांनी ओढीत नेली.

१ जानेवारी १८१६ रोजी त्यांनी शीलसंवर्धनाची संस्था उघडली. दिवसा मुलांची शाळा आणि सायंकाळी प्रौढांसाठी वर्ग, व्याख्याने व संगीत अशी तिची योजना होती. चालता येऊ लागलेल्या अगदी लहान मुलांस तेथे घेत. ब्रिटनमधील पहिली शिशुशाळा म्हणून ती ओळखली जाते. मुलांस मारायचे नाही, धमकवायचे नाही आणि पुस्तकांच्या ओझ्याखाली दडपायचे नाही; चित्रे, निसर्गातील वस्तू, गाणी व नृत्य यांच्या द्वारे त्यांस शिकवावे, असा तेथे दंडक होता. ही शाळा व हे गाव पाहण्यास देशोदेशींचे लोक येऊ लागले. पुढे रशियाचा सम्राट झालेला राजपुत्र निकोलस हाही त्यांत होता. मुलांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित व्हावे यासाठी ओवेन यांनी पार्लमेंटच्या दारी वर्षानुवर्षे खटपट केली. १८१९ साली कायदा झाला खरा. परंतु तो केवळ सुती गिरण्यांपुरता होता, वयाची अट नऊ वर्षांची होती आणि मुलांकडून दिवसाचे बारा तास काम घेण्यास त्यात मुभा होती. ओवेन त्याने निराश झाले.

येथवरचे ओवेन हे दयाळू व कर्तबगार मालक होते. यापुढील ओवेन निराळे आहेत. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपल्यावर ब्रिटनमध्ये बेकारीची लाट आली. १८१७ साली ओवेन यांनी एक योजना मांडली. सुमारे बाराशे माणसांनी हजार ते पंधराशे एकर जमिनीवर एकत्र वसाहत करावी. चौकोनी वाड्यासारखी घरांची रचना असावी. मध्यभागी सामाईक स्वयंपाकघर, भोजनगृह व शाळा असाव्या. शेती आणि कारखाने सर्वांनी मिळून चालवावे, आणि उत्पन्न सर्वांचे असावे. प्रारंभी ही योजना केवळ गरिबांसाठी होती. पण साऱ्या मानवजातीने असेच राहावे, असे त्यांस लवकरच वाटू लागले. त्याच वर्षी लंडनच्या एका जाहीर सभेत त्यांनी सर्व प्रचलित धर्मांवर कडक टीका केली आणि त्यांच्याविषयी अनुकूल असलेले अनेक प्रतिष्ठित लोक दूर गेले. घरी पत्नी कॅरोलाइन ही मनोभावे धर्म पाळणारी. तिला या गोष्टीचे किती दुःख झाले असेल, याची कल्पना वाचक भगिनींस सहज येईल.

मायदेशात योजनेस पुरेसे द्रव्य मिळेना. तेव्हा ओवेन यांनी अमेरिकेकडे दृष्टी वळविली. इंडियाना राज्यात वाबाश नदीच्या काठी एका जर्मन धर्मपंथाने हार्मनी नावाचे टुमदार गाव वसविले होते. सुमारे १८० इमारती, शेते, मळे व कारखाने यांसह ते गाव विक्रीस निघाले होते. १८२५ च्या आरंभी ओवेन यांनी ते स्वतःच्या पैशाने विकत घेतले आणि त्यास न्यू हार्मनी हे नाव दिले. वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष व काँग्रेसचे सभासद यांच्यापुढे त्यांची दोन व्याख्याने झाली. वर्षअखेरीस सुमारे आठशे माणसे गावात येऊन दाखल झाली. पुढील जानेवारीत नावेतून शास्त्रज्ञ व शिक्षक यांची एक मोठी मंडळीच येऊन थडकली.

परंतु गाव चालेना. येणाऱ्यांची पारख कोणी केली नव्हती. ध्येयवादी लोकांबरोबर आळशी व उपटसुंभही आले होते. कसबी कारागिरांची मात्र वाण होती. जर्मन लोकांनी उत्तम चालविलेले काही कारखाने माणसांअभावी पडून राहिले. भोजन सर्वांस मिळे, मग श्रम कोणी किती करावे, यावर रोज वाद होत. स्त्रियांवर सामाईक काम पडलेच. शिवाय घरचे धुणे, शिवण व स्वयंपाक त्यांच्याच माथी राहिला. वसाहत उभी राहत असताना ओवेन स्वतः अनेक महिने दूर होते. परत आल्यावर त्यांनी एकदम पूर्ण समतेची घटना जाहीर केली. ती मोडली, दुसरी आली, तीही मोडली. एका गावाची अनेक शकले झाली आणि १८२७ साली हा प्रयोग संपुष्टात आला. ओवेन यांच्या संपत्तीपैकी सुमारे चार पंचमांश भाग त्यात बुडाला.

या सर्व कारणांची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. आम्ही येथे आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १८२५ साली न्यू हार्मनीसाठी जी प्राथमिक घटना तयार झाली, तिच्यात सर्व वयांच्या व सर्व प्रकारच्या माणसांस प्रवेश दिला होता. अपवाद केवळ कृष्णवर्णीयांचा केला होता. गरज पडल्यास त्यांस मदतनीस म्हणून ठेवावे, अथवा आफ्रिकेत वा अन्यत्र त्यांच्या निराळ्या वसाहती व्हाव्या यासाठी त्यांची तयारी करावी, असे त्यात म्हटले होते. मनुष्य परिस्थितीने घडतो, जन्माने नव्हे, हे ज्याने जगास सांगितले, त्याच्याच वसाहतीच्या दारावर जन्मावरून अडसर घातला गेला. न्यू लॅनार्कच्या गिरण्यांत जो अमेरिकन कापूस येई, तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या श्रमावर सुबत्ता उभी राहिली, त्यांचेच पान पंक्तीत मांडले गेले नाही. हे लिहिताना ओवेन यांस कमीपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. थोर मनाच्या मनुष्यासही आपल्या काळाची भिंत दिसत नाही, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. ओवेन यांचे ज्येष्ठ पुत्र रॉबर्ट डेल ओवेन अमेरिकेतच राहिले आणि काँग्रेसचे सभासद झाले. १८६२ साली त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांस पत्र लिहून गुलामांच्या मुक्ततेचा आग्रह धरला आणि पुढील वर्षी मुक्त झालेल्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळावर काम केले. पित्याच्या वसाहतीने ज्यांस दाराबाहेर ठेवले, त्यांची बाजू पुत्राने घेतली.

ओवेन ब्रिटनला परतले ते जवळजवळ निष्कांचन होऊन. १८२८ साली न्यू लॅनार्कशी असलेला उरलासुरला संबंधही संपला. १८३१ साली पत्नीचे निधन झाले. पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८३२ साली त्यांनी लंडनमध्ये श्रमविनिमयाची पेढी काढली. कारागिराने आपली वस्तू तेथे द्यावी, तीस लागलेल्या तासांची जणू हुंडी घ्यावी आणि त्या हुंडीवर दुसरी वस्तू न्यावी, अशी ती व्यवस्था होती. पेढी दोन वर्षांत बंद पडली. १८३४ साली त्यांच्या प्रेरणेने कामगारांचा एक विराट संघ उभा राहिला आणि त्याच वर्षी विस्कटला. संघटना करताना शपथ घेतली म्हणून सहा शेतमजुरांस ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी लंडनमध्ये निघालेल्या प्रचंड मिरवणुकीत ओवेन होते. १८३९ साली हॅम्पशायर परगण्यात त्यांच्या अनुयायांनी क्वीनवुड येथे पुन्हा एक समूहवसाहत उभारली. तिच्या मुख्य इमारतीवर बेसुमार खर्च झाला आणि १८४५ साली तीही मोडली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की हे आयुष्य व्यर्थ गेले. पण बीज कोठे पडते आणि कोठे उगवते, हे पेरणाऱ्यासही ठाऊक नसते. लँकेशायरमधील रॉचडेल या गावी गरीब विणकर व अन्य कारागीर राहत. त्यांच्यापैकी अनेकांनी ओवेन यांचे विचार ऐकले होते. २८ जणांनी आठवड्यास दोन-दोन पेन्स बाजूस टाकून प्रत्येकी एक पौंड जमविला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत एका वखारीच्या तळमजल्यावर दुकान उघडले. माल काय, तर थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र पक्के होते. माल शुद्ध, माप पुरे, उधारी नाही. भाग कितीही असोत, मत एकच, स्त्रियांसही सभासदत्व. आणि नफ्याची वाटणी ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. सभासदांसाठी घरे बांधावी आणि पुढे सामाईक हिताची स्वावलंबी वसाहत वसवावी, हे ओवेन यांचे स्वप्नही त्यांनी आपल्या उद्दिष्टांत लिहून ठेवले होते. ओवेन यांस अशा दुकानदारीचे फारसे महत्त्व वाटत नसे. त्यांची नजर सदैव नव्या जगावर असे. तथापि नवे जग टिकले ते त्या लहानशा दुकानातच, आणि जगभरच्या सहकारी चळवळीने त्याचाच कित्ता गिरविला.

अखेरच्या वर्षांत ओवेन मृतात्म्यांशी संभाषणाच्या नादी लागले आणि त्यांच्या मित्रांसही त्याचे वाईट वाटले. १८५७ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १८५८ च्या शरद ऋतूत, सत्याऐंशी वर्षांचे असताना, लिव्हरपूल येथील एका परिषदेत बोलण्यास ते उभे राहिले. परंतु शक्ती उरली नव्हती. त्यांस आपल्या जन्मगावाची ओढ लागली. न्यूटाउन येथे १७ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी देह ठेवला. मातापित्यांच्या शेजारी त्यांस चिरविश्रांती मिळाली. पुढे १९०२ साली सहकारी कार्यकर्त्यांनी त्या समाधीचा जीर्णोद्धार केला. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ पर्यंत चालल्या आणि २००१ साली ते गाव जागतिक वारसा म्हणून घोषित झाले.

आपल्या देशात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला आणि १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांस वाट मोकळी झाली. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी स्थापन झाली. एका ज्ञातीतील मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःची घरे उभी केली. ज्ञातीचा परस्परविश्वास हे केवढे भांडवल आहे, ते तेथे दिसून आले. दुसरीकडे साताऱ्यास १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत आणि आपल्या हातांनी कामे करीत. एकाने घरच्या विश्वासाचे बळ दाखविले, तर दुसऱ्याने त्या विश्वासाची कक्षा वाढविता येते हे दाखविले. आम्हांस दोन्ही उदाहरणे आदरणीय वाटतात.

ओवेन यांच्या चरित्रातून आपल्या वसतिगृहासाठी आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली ही की, एका उदार दात्याच्या देणगीवर इमारत उभी राहते, सहजीवन उभे राहत नाही. न्यू हार्मनी हे एका श्रीमंताचे दान होते, ते दोन-अडीच वर्षे टिकले. रॉचडेलचे दुकान गरिबांच्या दोन-दोन पेन्सांचे होते, ते रुजले. म्हणून प्रत्येक कुटुंबाने, मग रक्कम कितीही अल्प असो, आपला वाटा स्वतः उचलावा. हिशेब सर्वांपुढे मांडला जावा. आणि मत देताना थोरामोठ्यांत भेद नसावा. स्वयंपाक व स्वच्छता यांची कामे मुलांनी पाळीपाळीने करावी. ती गृहिणींच्या व गड्यांच्या माथी मारून मोकळे होऊ नये.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु ती बोलल्यावाचून राहवत नाही. वसतिगृहाच्या नियमावलीच्या मसुद्यात पहिलेच कलम प्रवेश केवळ ज्ञातीतील विद्यार्थ्यांस देण्याविषयी आहे. निधी ज्ञातिबांधवांचा आहे, तेव्हा आपल्या मुलांस प्राधान्य असावे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु केवळ या शब्दाजवळ आम्ही थबकतो. काही थोड्या जागा तरी ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी राखाव्या आणि त्यांस मदतनीस म्हणून नव्हे, तर पंक्तीतील सोबती म्हणून वागवावे, अशी आमची विनंती आहे. सर्व जगास एकत्र आणू पाहणाऱ्या पुरुषाने आपल्या गावाच्या घटनेत जी एक ओळ राहू दिली, ती दोनशे वर्षांनंतरही पुसली गेलेली नाही. चरित्रकारास ती लिहावीच लागते. आपल्या मंडळाचा इतिहास पुढे कोणी लिहील, तेव्हा त्यास अशी ओळ लिहिण्याचा प्रसंग येऊ नये. सर्वसाधारण सभेत नियमावली विचारार्थ येईल, त्या वेळी बंधुभगिनींनी या कलमावर शांतपणे विचार करावा, एवढे सांगून आम्ही ही लेखणी खाली ठेवतो.